सत्कारमूर्ती

विरोधी बाजू कोणालाच नको होती. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात वादविवाद ठेवायचा म्हटल्यावर सगळे एका पायावर तयार झाले, विषयही एकमताने ठरला, 'भारताने पाकिस्तानवर थेट लष्करी कारवाई करावी', आणि मग लक्षात आलं की झाडून सगळे वक्ते अनुकूल बाजूनेच बोलणार आहेत. अल्बनीला सबनीसकाकांच्या घरी कार्यकारिणी बसली होती. काका इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. पंचवीसेक वर्षं झाली त्यांना न्यूझीलंडला येऊन, आणि तेवढीच वर्षं ते अध्यक्ष आहेत असं वाटतं.

"कुणीतरी विरोधात बोलायला हवं ना," काका म्हणाले. सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं.

"कौमुदी बोलेल," काकांनीच सोडवणूक केली. "तिचा मूळ स्वभावच तो आहे."

कौमुदी म्हणजे मी. न्यू लिनला एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. उपम्यात मीठ कमी पडलं तर मी तसं सांगते, एवढ्यावरून मंडळात माझा स्वभाव ठरलेला आहे.

"ताई, विरोधात बोला, पण फार जोर लावू नका," आमचा सेक्रेटरी धैर्यशील म्हणाला. "लोकांच्या भावना तीव्र आहेत."

"मग असं करू, मी नुसती उभी राहते आणि तुम्ही मला हरवा."

"तसं नाही हो ताई."

तसंच होतं. घरी येऊन हे सगळं सांगितलं तर माझी मुलगी सानिका, जी शाळेच्या डिबेटिंग टीममध्ये आहे आणि जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं, ती म्हणाली, "मम, दॅट्स नॉट अ डिबेट. दॅट्स जस्ट पीपल अग्रीइंग लाउडली."

राग मलाही आला होता, हे आधी सांगते. तिकडे भारतात अतिरेक्यांच्या हल्ल्यात निरपराध माणसं मारली गेली होती, त्या बातम्या बघून माझंही जेवण गेलं होतं. पण त्या बैठकीत जे चाललं होतं त्याला राग म्हणत नाहीत. धैर्यशील बिस्किट चहात बुडवत म्हणत होता, "आपण एकदा आत घुसायलाच पाहिजे."

"आपण म्हणजे कोण? तुला बॉटनी डाउन्सहून इथे अल्बनीला यायचं तर मोटरवेच्या ट्रॅफिकवर अर्धा तास बोलतोस."

"म्हणजे देशाने, ताई. एकदा दणका बसला की गप्प बसतात."

"आणि नाही बसले तर?"

"मग दुसरा दणका."

"मग त्यांचा दणका. मग?"

"तुम्ही आधीच निगेटिव्ह धरून चालता."

"अरे, तुम्हीच मला निगेटिव्ह बाजू दिलीयेत!"

सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. मला एवढंच विचारायचं होतं की तिसऱ्या दिवशी काय. पहिला दिवस सगळ्यांना पाठ होता, दुसऱ्याच्याही थोड्याफार कल्पना होत्या. तिसऱ्या दिवशी सीमेवरच्या गावातली माणसं कुठे जातात, सूत्रं कोणाच्या हातात राहतात, अणुबॉम्ब असलेले दोन देश कुठे थांबायचं हे कसं ठरवतात, यावर एकाकडेही एक वाक्य नव्हतं. काकूंनी मग घरच्या झाडाची फिजोआची फळं कापून आणली आणि बैठक त्यांच्या बागेवर गेली.

निघताना काकांनी मला दारात गाठलं. "तुझ्याकडे ती राहते ना, नर्स? तिचा नवरा मिलिटरीत आहे ना?"

"विनया. हो."

"वादविवादाच्या आधी तिचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. फार योग्य होईल."

यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट मंडळाला कधी नव्हे ते एक बरं सुचलं असंच वाटलं.

विनया फडतरे आमच्या मागच्या खोलीत राहते. साताऱ्याकडची. हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स आहे, मेहनतीने इथली सगळी परीक्षा-नोंदणी पार पाडून आलेली. नवरा गुरुदत्त सैन्यात हवालदार. त्याची पेन्शन जवळ आली होती, ती झाली की तोही इकडे यायचा होता. त्यासाठी तिने न्यू लिन स्टेशनजवळ दोन फ्लॅट बघूनही ठेवले होते. एकाला बाल्कनी नाही म्हणून तो नापसंत केला होता, कारण गुरुदत्तला उघड्यावर चहा पिण्याची सवय. गावी सासूबाई एकट्या, शेजारीच चुलत दीर वगैरे. गुरुदत्तचा फोन रोज यायचा. सीमेवर तापायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "पुढं चाललोय, फोन बंद राहील, काळजी करू नको." तेव्हापासून बंद.

मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं, करावं का युद्ध?"

ती डबा भरत होती. "मारायलाच पाहिजे ओ ताई त्यांना. आमच्या गावात कुणालाबी विचारा." मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "पण मारायला जाणारा माझ्याच घरचा हाय ना. मी काय बोलू?"

सत्काराला ती तयार नव्हती. पण काकांनी स्वतः फोन केला, 'बेटा' म्हणाले, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नाही. त्यांनी पत्रकासाठी गुरुदत्तचा वर्दीतला फोटो मागितला, तो तिने पाठवला. त्या रात्रीच्या ड्यूटीवर जाताना ती माझी कोणती साडी नेसू म्हणून विचारून गेली. मला बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी फार्मसीत जेवणाच्या सुट्टीत मंडळाच्या ग्रुपवर ते पत्रक आलं. मी सँडविच हातात धरून ते पाहिलं आणि सँडविच खाली ठेवलं.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वीरपत्नी श्रीमती विनया गुरुदत्त फडतरे यांचा विशेष सत्कार'. खाली गुरुदत्तचा फोटो. फोटोभोवती झेंडूच्या फुलांची चौकट. कोपऱ्यात तेवती ज्योत.

महाराष्ट्रात रोजचा पेपर वाचणाऱ्या कोणालाही विचारा, वीरपत्नी कोणाला म्हणतात. नवरा रणात गेला त्या बाईला म्हणतात. झेंडावंदनाला तिला पुढच्या खुर्चीवर बसवतात, सगळे हात जोडतात, आणि ती मान खाली घालून बसलेली असते. पण विमानात बसून ज्याला पंचवीस वर्षं झाली त्याच्याकडे शब्द उरतात, ते कोणाला लावायचे हे मागेच राहतं. मी काकांना फोन लावला.

"काका, हे वीरपत्नी काय आहे?"

"का? वीराची पत्नी ती वीरपत्नी. षष्ठी तत्पुरुष."

"काका, विधवेला म्हणतात तसं."

"कोण म्हणतं? समासात विधवा कुठे आलीय?"

"समासात नाही आली, साताऱ्यात येते! ग्रुपवरून काढा ते आधी."

"हे बघ, मी 'सौ.' लिहून दिलं होतं. सौ. असताना कोण असा अर्थ काढेल?"

"पत्रकात श्रीमती आहे, काका."

काकांनी बहुधा पत्रक पुन्हा उघडून पाहिलं. मग, "ते धैर्यशीलने केलं असेल."

धैर्यशीलनेच केलं होतं. मी त्याला ऑफिसात फोन केला तर तो मीटिंगमधून उठून आला आणि तरीही शांतपणे बोलला, हे त्याचं मला नेहमीच असह्य होतं. म्हणाला, "सौ. जुनाट दिसतं ताई. श्रीमती कसं रिस्पेक्टफुल वाटतं."

"आणि झेंडू?"

"ते टेम्प्लेटमध्येच होतं. महाराष्ट्रीयन फील येतो."

"आणि ती ज्योत? माणूस जिवंत आहे रे!"

"ज्योत म्हणजे शौर्याची हो. ताई, तुम्ही ना प्रत्येक गोष्टीत..." इथे तो थांबला, कारण पुढचा शब्द निगेटिव्ह होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ. तो म्हणाला, एकट्याने कसं काढू, कार्यकारिणीला विचारायला हवं. आणि त्यांनी खरोखर विचारलं. ग्रुपवर मतदान टाकलं. 'वीरपत्नी हा शब्द ठेवावा का?' पर्याय होते: ठेवावा, बदलावा, आणि तिसरा 'भावना महत्त्वाची'. संध्याकाळपर्यंत भावना आघाडीवर होती. एकाने शब्दकोशातलं पान टाकलं. दुसऱ्याने लिहिलं की ऐनवेळी शब्द बदलला तर सैन्याचा अपमान केल्यासारखं दिसेल. एका बाईंनी नमस्काराचे हात टाकून लिहिलं की पत्रक इतकं सुंदर झालंय, मी सगळ्यांना फॉरवर्ड केलं.

 मी त्यांना विचारलं, सगळ्यांना म्हणजे कोणाला? त्यांचा अंगठा आला फक्त.

शुक्रवारी सकाळी बदललेलं पत्रक आलं. आता 'सैनिकपत्नी सौ.' होतं. झेंडू तसाच. जुनं पत्रक ग्रुपवरून पुसलं होतं, पण बाहेर पडलेलं कुठवर पोचलं हे देवाला माहीत. काकांनी खाली लिहिलं होतं, 'कौमुदीच्या सूचनेवरून दुरुस्ती केली आहे. विषय संपला.' विनया मंडळाच्या ग्रुपवर नव्हती. तिला सांगावं की नाही यावर मी आणि नितीश, माझा नवरा, बोललो. तो म्हणाला, बदललंय ना आता, तिच्या डोक्याला आणखी घोर कशाला. मलाही पटलं.

शनिवारी दुपारी दोनला कार्यक्रम, हॉल आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जेवणं उरकत होती. विनयाने माझी निळी इरकल नेसली होती आणि आरशासमोर उभी राहून केसांना पिना लावत होती. तिकडे गावी तेव्हा जेमतेम उजाडत होतं. तिचा फोन वाजला. सासूबाईंचा नंबर बघून तिने चटकन घेतला, कारण इतक्या पहाटे त्या कधी करत नाहीत.

फोनमधला रडण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. एक बाई नव्हती ती, पुष्कळ बायका होत्या.

"आई? आई, काय झालं? कोण आलं होतं घरी?" विनया विचारत होती. "आई, कोण आलं होतं सांगा की!"

पलीकडून फक्त "गुरू गं, माझा गुरू" एवढंच कळत होतं. फोन तुटला. विनया होती तिथेच खाली बसली. एक पीन तिच्या दातात तशीच होती.

"ताई, घरी कळवलंय," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले, आणि मलाही ते खरं वाटलं. दोन दिवस त्या शब्दावरून सगळ्यांशी भांडलेली मी, पण त्या वेळी ते पत्रक माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माणूस सीमेवर आहे, त्याचा फोन बंद आहे, घरी बायका रडताहेत. यातून दुसरं काय समजणार? मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि रडायला लागले. सानिका दारात उभी राहून "मम? मम, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत होती.

पुन्हा फोन आला. या वेळी चुलत दीर. विनयाच्या हातातून तो निसटायला लागला म्हणून मी घेतला आणि स्पीकर लावला.

"वहिनी, तुमाला कवा कळवलं?" ते विचारत होते. "तुमी आमाला का नाय सांगितलं? आमाला असं बाहेरनं कळावं?"

"मला कुठं कळवलंय?" विनया ओरडली. "तुमच्याकडं आली होती ना माणसं?"

"आमच्याकडं कोण न्हाय आलं. बायकोलाच आधी कळवत्यात की. तिकडनंच आलंय ते."

"तिकडून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

"थांबा, टाकतो."

त्यांनी पुरावा म्हणून जे टाकलं ते आमचं पत्रक होतं. पहिलं. झेंडू, ज्योत, श्रीमती, सगळं. कोणत्या कोणत्या ग्रुपवरून फिरत ते गुरुदत्तच्या गावच्या ग्रुपवर गेलं होतं आणि तिथे खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती.

मी आयुष्यात कधी इतकी ओरडले नसेन. "अहो, चूक आहे ती! छापणाऱ्यांची चूक आहे! इथे कोणालाही काहीही कळवलेलं नाही!"

"कशी चूक आसंल? परदेशातलं मंडळ हाय. चौकशी केल्याबिगर छापतंय व्हय?"

ते पटवायला पुष्कळ वेळ गेला. मी सांगितलं, मी त्याच मंडळात आहे, त्यांनी मला शब्द विचारला नाही तर बातमी कोणाला विचारणार. ते म्हणाले, मग फोटोला फुलं का? मी म्हटलं, हौस म्हणून. फोटोला कोणी हौस म्हणून फुलं लावतं का, असं त्यांनी विचारलं. शेवटी त्यांना पटलं असावं. सासूबाईंना नाही पटलं. त्या मागून एकच म्हणत होत्या, मग त्याला माझ्याशी बोलायला लावा.

विनयाने गुरुदत्तचा नंबर लावला. बंद. त्याच्या सोबतच्यांच्या बायकांना विचारलं. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं, उलट 'तुम्हाला काय कळलं?' म्हणून त्या घाबरल्या. युनिटचा नंबर लागतच नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की आम्ही कुठे येऊन पोचलो होतो. पत्रक खोटं होतं हे सिद्ध झालं होतं. तो सुखरूप आहे हे त्याने सिद्ध होत नव्हतं. विनयाने सकाळी उठताना ज्या विश्वासावर दिवस सुरू केला होता तोसुद्धा आता तिच्याकडे नव्हता.

दोन वाजून गेल्यावर दारावर काका आणि धैर्यशील. काकांनी सोनेरी काठाचं उपरणं घेतलं होतं. हॉल भरलाय आणि सत्कारमूर्तींचा पत्ता नाही म्हणून ते बघायला आले होते. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. काका एकदम म्हातारे दिसायला लागले, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही.

"मी बोलतो त्यांच्याशी," ते म्हणाले. "दे फोन. माझी चूक, मी निस्तरतो."

विनयाने नंबर लावून दिला. काका घसा खाकरून म्हणाले, "नमस्कार आजी. मी सबनीस, मंडळाचा अध्यक्ष. आजी, अजिबात काळजी करू नका. तुमचा मुलगा सुखरूप आहे. शंभर टक्के सुखरूप आहे."

पलीकडचं रडणं थांबलं. "तुमाला कुठनं कळलं?" सासूबाईंनी विचारलं.

काका माझ्याकडे बघायला लागले.

"बोलला का त्यो तुमच्याशी?"

"नाही, म्हणजे, बोलला असं नाही..."

"मग तुमाला कसं ठावं?"

काकांनी परवा एक शब्द असाच ठोकून दिला होता, आज दुसरा देत होते. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि विनयाला दिला. ती आतल्या खोलीत गेली.

धैर्यशील दारातच बूट न काढता उभा होता. "ताई, सत्कार अर्थातच रद्द," तो हळू आवाजात म्हणाला. "पण लोक केव्हाचे थांबलेत. डिबेट तरी उरकून घ्यायची का? तुम्ही पाच मिनिटं आलात तरी..."

"धैर्यशील, ते पत्रक परत घे."

"आता कसं घेणार, ताई? ते पुढे गेलं."

"का? तुझ्याच हातांनी सोडलंस ना? घे परत."

"असं कसं करता? कोणाचा वाईट हेतू होता का?"

"नव्हता! एकाचाही नव्हता! तुला फुलं आवडली, काकांना समास आवडला, त्या बाईंना सगळंच आवडलं. आणि तिकडे एक म्हातारी पहाटेपासून मेलेल्या मुलासाठी रडतेय. तुला तुझं एक पत्रक थांबवता येत नाही, आणि तू मला सांगतोस की विमानं पाठवू आणि पाहिजे तिथे थांबवू?"

"ते वेगळं असतं, ताई," तो म्हणाला. "तिथे प्रोफेशनल्स असतात."

तो मनापासून बोलत होता. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. नितीशने मला खांद्याला धरून आत नेलं, आणि तेवढ्यात काका धैर्यशीलला "चल" म्हणाले. त्या दिवशी वादविवाद झाला नाही. अल्पोपाहार झाला, असं नंतर कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही. विनया ड्यूटीवर जायची, कारण न जाऊन काय करणार. वॉर्डवर सगळ्यांना 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची, औषधं द्यायची, घरी येऊन फोन समोर ठेवून बसायची. गावात लोक सांत्वनाला यायचे थांबले होते, पण सासूबाई जेवत नव्हत्या.

आणि मग एका सकाळी मागच्या खोलीतून विनयाची किंकाळी आली. मी धावले. ती फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून हसत होती, रडत होती. गुरुदत्त होता. कोणाकडून तरी ही गोष्ट त्याच्या युनिटपर्यंत गेली होती, साहेबांनी त्याला मुद्दाम लाईन मिळवून दिली होती. आधी आईशी बोललो, म्हणाला. तीन-चार मिनिटं बोलला असेल. "मी धडधाकट हाय, आणि तुमी माझं तेरावं घालाया निघालाय," असंही म्हणाला, आणि विनया इतकी हसली की तिला ठसका लागला. मी शिरा केला. सानिका शाळेत जाता जाता थांबून मोठी ताटलीभर शिरा खाऊन गेली.

त्याच दुपारी ग्रुपवर धैर्यशीलचा निरोप आला. सैनिक फडतरे सुखरूप असल्याची आनंदाची बातमी, जोडलेले हात, आणि खाली लगेच, 'पुढे ढकललेली डिबेट आता पुढच्या रविवारी. कौमुदीताई, तुमची बाजू तयार आहे ना?' बावीस जणांनी टाळ्या टाकल्या. मी फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी विनयाने सासूबाईंना फोन लावला. ती माझ्यासमोरच स्वयंपाकघरात बसली होती, मी पोळ्या लाटत होते. स्पीकर चालू होता. तिला वाटलं होतं त्या आनंदात असतील, म्हणून मलाही ऐकवायचं होतं तिला.

"आई, बोलला ना तुमच्याशी?"

"बोलला."

"मग आता जेवलात का?"

"जेवले." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "विनया, एक सांगते, ऐक. माझं आता रडून झालंय. एकदा सगळं झालं, बाया आल्या, गेल्या. पुन्यांदा माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

"आई, असं नका बोलू. तो बरा आहे."

"आज बरा हाय. उद्या खरंच काय झालं, तर मला कळवू नगंस. तुला त्ये पयलं कळवत्यात. तू तुझ्यापाशी ठेव. मला म्हण, फोन बंद हाय त्याचा. मी वाट बघीन."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तव्यावरची पोळी करपली, मी गॅस बंद केला.

"ताई," ती म्हणाली, "म्हणजे तसं कळवलं, तर त्यांच्यासमोर मी रडायचं पण नाही?"

गेले कित्येक दिवस मी सगळ्यांना उत्तरं देत होते. आता मी करपलेली पोळी तव्यावरून काढली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.